दोन कट्टे बटाटे : फेब्रुवारी ते आषाढी

१६ फेब्रुवारी २०२५, मंचर

पन्नास-पन्नास किलोचे दोन कट्टे आले. अवसरीच्या मावसदिरांच्या रानातले, जात ज्योती, कट्टा नऊशे रुपयाला. मागच्या वर्षी एकच घेतला होता आणि त्यातले तेरा किलो मे महिन्यात परसातल्या खड्ड्यात गेले. काही कोंबांनी गेले, काही नासले, काही हिरवे पडले. नेमकं कशाने किती गेलं ते घरात कुणालाच सांगता येईना, म्हणून यंदा वही घातली आहे. घरची पाच माणसं आणि बाहेर जाणारे चार डबे, म्हणजे आठवड्याला तीन किलो बटाटा लागतोच. आषाढीपर्यंत पुरवायचा आहे. ६ जुलैला आषाढी, म्हणजे वीस आठवडे.

ज्योतीचं पूर्ण नाव कुफरी ज्योती. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींना जवळच्या कुफरी गावाचं नाव लागतं. ही १९६८ ची, म्हणजे वयाने माझ्याहून मोठी.

संध्याकाळी अंगणात ताडपत्रीवर ओतून निवड केली. दादांनी (माझे सासरे, पेठचे, सातगाव पठारावर जन्मभर बटाटा केलेले) एकेक हातात घेऊन अंगठ्याने साल घासून पाहिली. साल सुटली तर तो कच्चा, बाजूला. काढणीआधी आठ-दहा दिवस पाला कापला की साल पक्की होते. या रानातला पाला वेळेवर कापलेला दिसतोय, कारण सुटणारे थोडेच निघाले. कुदळ लागलेले, चिरलेले, डोक्यावर हिरवट असलेले असे एकूण पाच किलो. ते पहिल्या आठवड्यात संपवायचे. मी धुवायला पाणी काढलं होतं, ते दादांनी परत ओतायला लावलं. माती वाळली की हाताने झटकायची, बस. ओला बटाटा नासायला निमित्तच शोधत असतो, म्हणाले.

१७ फेब्रुवारी

मांडामांड. घरात ज्या ज्या जागा शक्य आहेत त्या सगळ्या वापरायच्या ठरवल्या:

माळ्यावर १० किलो. मागच्या वर्षी सगळा कट्टा तिथेच होता, म्हणून तुलनेला. वर पत्रा आहे.

जिन्याखाली ४० किलो, भाजीच्या दोन क्रेटमध्ये. खाली विटा, आत गोणपाट, वर गोणपाट.

परसात सीताफळाखाली ३० किलो, दादांची आरण, म्हणजे पाल्या-काडाखाली झाकलेली रास.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ४ किलो.

कागदी पिशव्या दोन, दोन-दोन किलोच्या. एकीत सफरचंद, एकीत नाही. धाकट्याने कुठेतरी वाचलंय की सफरचंद ठेवलं की कोंब येत नाहीत.

उरलेले सात किलो स्वयंपाकघरात रोजच्याला.

माळा, क्रेट आणि आरण या तिन्हींत पाच-पाच किलोची जाळीची पिशवी खूण म्हणून ठेवली आहे. तिला हात लावायचा नाही, फक्त वजन करायचं. कांदे जिन्याखालून हलवून गच्चीच्या दाराशी टांगले. कांद्याला कोरडं लागतं आणि बटाट्याला दमट. दोघांना एका कोपऱ्यात ठेवलं की एकाचं तरी बिघडतंच.

आरणीबद्दल थोडं सविस्तर लिहून ठेवते, कारण ती आता फारशी कुणी लावत नाही. दादांनी सावलीत फूटभर उंचीचा मातीचा ओटा केला, म्हणजे पाणी आलं तरी खाली शिरणार नाही. त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला, त्यावर बटाट्याची रास, मग घाणेरीचा वाळवलेला पाला दोन बोटं जाडीचा आणि सगळ्यावर गव्हाचं काड हातभर. राशीच्या मधोमध ज्वारीच्या ताटांची एक पेंढी उभी, टोक वर काढून. आतली ऊब तिच्यातून निघून जाते. पूर्वी पठारावर अशा आरणी शे-दोनशे कट्ट्यांच्या असायच्या. "तीस किलोची आरण म्हणजे भातुकलीच झाली," असं म्हणत म्हणत त्यांनी दोन तास मन लावून ती लावली.

घाणेरी कशाला, तर पाकोळीला. बटाट्याची पाकोळी, म्हणजे छोटा करडा पतंग, डोळ्याजवळ अंडी घालते आणि अळी आतून पोखरते. ही इथली नव्हे. १९०६ साली इटलीहून आलेल्या बियाण्याबरोबर मुंबई इलाख्यात उतरली आणि इथलीच झाली. बटाटा तरी कुठला इथला म्हणा. तोही पोर्तुगिजांबरोबर आलेला, आणि नावसुद्धा त्यांचंच आपण ठेवून घेतलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवासाला क्रेटमधले तीन किलो. ताठ, करकरीत. लिहिण्यासारखं काही नाही.

९ मार्च

कुठेही कोंब नाही. माळ्यावरही नाही, कागदी पिशव्यांत तर नाहीच. धाकटा म्हणतो, "बघ, सफरचंदाने काम केलं." सफरचंद नसलेल्या पिशवीतही कोंब नाहीत, हे त्याला दाखवलं.

दादांचं म्हणणं असं की काढल्यापासून दोन-अडीच महिने बटाटा झोपलेला असतो. त्या झोपेत काहीही करा, तो उठत नाही, आणि झोप पुरी झाली की काहीही करा, तो राहत नाही. म्हणजे सध्या वहीत जे यश दिसतंय ते माझं नाही.

खुणेच्या पिशव्या: माळा ४ किलो ७८०, क्रेट ४ किलो ९००. आरण उघडायची नाही, असा हुकूम आहे.

१२ मार्च

होळीच्या आधी वेफर्स करून टाकले. क्रेटमधले १५ किलो. तुरटीच्या पाण्यातून काढून, उकळीत बुडवून, गच्चीवर जुन्या धोतरांवर. दोन दिवसांत कडक वाळतील.

करता करता एक प्रयोग. फ्रीजमधले तीन बटाटे आणि क्रेटमधले तीन, दोन्हींच्या सारख्या काचऱ्या करून एकाच कढईत, एकाच तेलात, एकामागून एक तळल्या. क्रेटच्या पांढरट-पिवळ्या निघाल्या. फ्रीजच्या काचऱ्यांना मिनिटभरातच कडा तांबड्या, मग मध्ये डाग, आणि काढेपर्यंत गुळाच्या पाकात घातल्यासारख्या तपकिरी. चव गोडसर आणि शेवटी कडवट. तेवीस दिवसांत एवढा फरक.

कारण सोपं आहे. थंडीत बटाटा आपल्यातल्या पिठाची साखर करतो, आणि ती साखर तळताना करपते. वेफर्सचे कारखानदार म्हणूनच बटाटा अगदी गार ठेवत नाहीत, दहा-बारा अंशांवर ठेवतात. करपण्याबरोबर अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्यही जास्त तयार होतं. तळणीत ते असतं हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. रस्सा करायचा असेल तर फ्रीजचा बटाटा चालतो, फक्त थोडा गोड लागतो. ह्यांना तो आवडला. ह्यांना आमटीतही गूळ जास्त लागतो, त्यामुळे ते मत धरलं नाही.

३० मार्च, पाडवा

बटाट्याच्या भाजीला क्रेटमधले चार किलो. पिशवीतलं सफरचंद नासलं होतं, बदललं. हे दुसरं. बटाटा अठरा रुपये किलो, सफरचंद दोनशे.

५ एप्रिल

पहिला कोंब. आणि तो सापडला जिन्याखालच्या क्रेटमध्ये, जिथे मी सगळ्यात जास्त निगा राखते आहे! तांदळाएवढा, पांढरा, टोकाला जांभळट. शेंड्याकडच्या डोळ्यातून. मग शोधल्यावर अजून सहा बटाट्यांना दिसला.

लगेच माळ्यावर चढले. तिथे एकालाही नाही.

खाली येऊन चहा घेतला आणि वहीकडे बघत बसले. सगळा प्रकल्प उलटा झाल्यासारखं वाटलं.

८ एप्रिल

माळ्याचं कोडं सुटलं. आज दुपारी तिथे यंत्रावर ४२ अंश होते. जिन्याखाली २९. एक किलो भाजीला म्हणून माळ्यावरून काढले. बाहेरून ठीक, जरा मऊ. पहिला चिरला आणि सुरी थांबली. मधोमध काळा-निळा डाग, शाईचा थेंब टिपकागदावर पडावा तसा, कडा पसरलेल्या. दुसऱ्यातही तसाच. अकरांपैकी सात तसे.

उन्हात बटाटा जोरात श्वास घेतो. बाहेरची हवा सालीतून आत जायला वेळ लागतो, आणि गाभ्याला ती पुरत नाही. गाभा गुदमरून मरतो. नाव त्याचं काळं काळीज, आणि ते अगदी बरोबर आहे. एवढ्या उष्म्यात कोंबही वाढत नाही, म्हणून माळा वरून निर्दोष दिसत होता. मागच्या वर्षी मी कोंब आलेले टाकले होते आणि माळ्यावरचे 'चांगले' डब्यात दिले होते, त्यातले किती असे होते कोण जाणे. कुणी तक्रार केली नाही, पण मला आज ती ऐकू आली.

माळ्याची खुणेची पिशवी ४ किलो ३५०. माळा आजपासून बंद. उरलेले उतरवून, चिरून, चांगला भाग कीस करायला घेतला.

११ एप्रिल

जिन्याखालची जागा अजून गार कशी करायची? दिल्लीत पुसाच्या कृषी संशोधन संस्थेने विजेशिवाय चालणारा विटांचा कक्ष काढला होता: दुहेरी भिंत, मध्ये वाळू, वाळूवर रोज पाणी. माठ गार होतो तेच तत्त्व. आम्ही त्याची गरीब आवृत्ती केली. क्रेटच्या विटांमध्ये दोन पराती ओल्या वाळूच्या, तिन्ही बाजूंनी दोरीवर ओलं गोणपाट, क्रेटपासून वीतभर लांब. बटाट्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर तांब्याभर पाणी.

१४ एप्रिल

बाहेर ३९, जिन्याखाली २५. चार अंश उतरले! आर्द्रता ३१ टक्क्यांवरून ७८. हे मला अपेक्षेपेक्षा जास्त वाटलं. आपल्याकडचं ऊन कोरडं असल्याने हे जमतं. मुंबईच्या बहिणीला सांगितलं तर ती हसली.

१७ एप्रिल

कोंब मोडावेत की नाहीत, यावर घरात दोन तट. मी दर रविवारी मोडते. दादा म्हणतात, शेंड्याचा एक कोंब मोडला की बाकीच्या डोळ्यांना वाटतं आता आपली पाळी, आणि चार फुटतात. "बियाण्याचा बटाटा असेल तर आम्ही मुद्दाम मोडायचो." पाहिलं तर खरंच, ५ तारखेला मोडलेल्या सहा बटाट्यांवर आता तीन-तीन, चार-चार बारीक कोंब आहेत. तरीही मी मोडणार. कोंब बटाट्याचंच पाणी आणि पीठ ओढून वाढतो. तांदळाएवढा असताना काढला तर बटाटा ताठ राहतो, बोटाएवढा होऊ दिला तर सुरकुततो. ज्याला दर रविवारी दहा मिनिटं नाहीत त्याने न मोडता लवकर खाऊन संपवावा.

दादांना या सगळ्याची गंमत वाटते. त्यांनी जन्मभर मे महिन्यात बियाणं उजेडात पसरून कोंब आखूड, जाड, हिरवे यावेत म्हणून जपणूक केली. आणि सून वही घेऊन तोच कोंब येऊ नये म्हणून बसली आहे.

२२ एप्रिल

बाजारात एकाने "कोंब न येण्याची पावडर" दाखवली. घेतली नाही. शीतगृहांत सीआयपीसी नावाच्या औषधाचा धूर देतात, त्याने कोंब रोखतात. युरोपने ते २०२० मध्ये बंद केलं आणि आता पुदिन्याचं, संत्र्याचं तेल वगैरे वापरतात. लासलगावला कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचं, किरणांनी कोंब रोखणारं विकिरण केंद्र आहे, तसं विकिरण बटाट्यालाही चालतं. पण यातलं काहीच जिन्याखाली करायचं नाही. पुदिन्याची जुडी मात्र क्रेटमध्ये ठेवून पाहिली. तीन दिवसांत वाळली, कोंबांना काही कळलंसुद्धा नाही.

कागदी पिशव्यांचा निकाल आज लावला. दोन्हींना कोंब, दोन्हींना साधारण एकाच आठवड्यात आले. फरक एवढाच की सफरचंदाच्या पिशवीतले कोंब बुटके, जाडसर आणि संख्येने जास्त. दुसरीतले लांब, बारीक. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू कोंबाची उंची रोखतो, पण तो सतत मिळाला तर, आणि सफरचंद आमच्या उन्हात बारा दिवसांपलीकडे टिकत नाही. चार सफरचंदं लागली. धाकट्याने प्रयोग यशस्वी जाहीर केला आणि पाचवं सफरचंद खाल्लं.

३० एप्रिल, अक्षय्यतृतीया

हिरवे पडले. चूक माझी. पाहुण्यांसाठी गोणपाट वर केलं आणि चार दिवस तसंच राहिलं. जिन्याच्या खिडकीचा कवडसा नेमका वरच्या थरावर. नऊ बटाटे खिडकीकडच्या अंगाने पोपटी, पाठीकडून तसेच. हिरवा रंग स्वतः वाईट नाही, पानात असतो तोच. पण त्याच उजेडाने सोलानिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं, आणि ते उकडून जात नाही. फिकट होते त्यांची जाड साल काढली, दोन गर्द होते ते टाकले. जिभेला कडू लागला तर गिळायचा नाही, एवढा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवला आहे.

७ मे

वळीव. काल रात्री धो धो, आज पुन्हा. आरणीवर प्लास्टिक टाकायला मी धावले, दादांनी थांबवलं. प्लास्टिक टाकलं की आत घाम धरतो. काडाचा थर वाढवला आणि उतार नीट केला.

१५ मे

पाऊस हटत नाही. असा मे मी तरी पाहिला नाही. जिन्याखाली आर्द्रता ९०, गोणपाट दिवसभर ओलंच, वाळतच नाही. मग गार तरी कसं करणार? त्याला बुरशीचा वास येऊ लागला. वाळू, पराती, गोणपाट सगळं काढलं. क्रेटमध्ये एक बटाटा गळाला होता. वास आधी आला, सापडला नंतर, तळाशी. त्याच्या पाण्याने शेजारचे पाच ओले. सगळे बाहेर काढून, पुसून, जमिनीवर वर्तमानपत्रावर पंख्याखाली रात्रभर. ते पाच वेगळे ठेवून दोन दिवसांत संपवायचे.

क्रेटमध्ये आता जेमतेम तीन किलो, खुणेची पिशवी सोडून. ती ४ किलो ५२०.

१८ मे

आरण उघडली. दादांना जूनपर्यंत थांबायचं होतं, पण खालून ओल चढतेय अशी शंका होती. काड काढलं, घाणेरी काढली. वरचा थर सुंदर, कोरडा, मातीसकट. कोंब होते, दीड-दोन इंच, पांढरे. हात आत घातला तर गारवा जाणवला, खरा गारवा, विहिरीच्या पायरीसारखा. पण उत्तरेच्या कडेला, जिथे पाला पातळ पडला होता, तिथे पाकोळीने घर केलं होतं. डोळ्याशी काळ्या दाण्यांची रांग, चिरल्यावर आत वाकडेतिकडे बोगदे आणि एक गुलाबीसर अळी. असे दोन किलो गेले. तळाचे ओलीने नासलेले सव्वा किलो. तीसपैकी हातात आले साडेतेवीस. बाकीचं वजन सुकून गेलेलं.

दादा पाला पातळ पडलेल्या जागेकडे बराच वेळ बघत होते. "इथं मी घाई केली," एवढंच म्हणाले.

सगळ्यांचे कोंब मोडून धुतलेल्या, वाळवलेल्या क्रेटमध्ये जिन्याखाली.

२६ मे

पावसाळा मुंबईत आला म्हणे, आजवरच्या सगळ्यात लवकर. इथे तर तो महिनाभर मुक्कामालाच आहे. उन्हाचा त्रास संपला. आता फक्त वास आणि हवा. रोज संध्याकाळी क्रेट अर्धा तास जिन्याबाहेर ओढते.

८ जून

फ्रीजमधले दोन किलो अजून होते. १६ आठवडे, एकही कोंब नाही. बाहेर काढून टोपलीत ठेवले. दोन-तीन आठवडे उबेत राहिला की साखर बरीचशी परत पिठात जाते म्हणतात, ते बघायचंय.

२१ जून

साखरेची गोष्ट बऱ्यापैकी खरी निघाली. काचऱ्या मार्चइतक्या काळ्या झाल्या नाहीत, तांबूस निघाल्या. पण तेरा दिवसांत एकूणएक बटाट्याला कोंब, तेही सगळ्या डोळ्यांतून एकदम.

आरणीतले आता मऊ. वरणात, रश्श्यात, थालीपिठात जातात, काचऱ्यांना नाही. बोटाएवढे कोंब आलेले तीन किलो दादांनी मागून घेतले. कोयत्याने फोडी केल्या, प्रत्येकीला दोन डोळे, राख लावली आणि पेठच्या बांधाला लावून आले. वहीत ते "वाया" या रकान्यात लिहिले होते, ते त्यांनी मला खोडायला लावलं.

५ जुलै

उरले दीड किलो. उद्याच्या खिचडीला आणि भाजीला चार लागतील. एक दिवस आधी हार. बाजारातून तीन किलो आग्र्याचा आणला, बत्तीस रुपयांनी. दिसायला देखणा, ताठ, गुळगुळीत. मार्चपासून दोन-चार अंशांवर शीतगृहात झोपलेला.

६ जुलै, आषाढी

खिचडीत आग्र्याचा बटाटा लालसर झाला, आणि गोड. सगळ्यांना कळला. आमचे दीड किलो सुरकुतलेले होते, सोलताना जीव गेला, पण भाजी पांढरी आणि चव बटाट्याची.

हिशेब: १०० किलो आले. खाल्ले, वेफर्स आणि कीस धरून, ७६. पेठला ३. नासके, काळे, पोखरलेले, हिरवे मिळून ९. बाकी १२ सुकून गेले. कोंबांमुळे टाकलेले: शून्य.

१४ जुलै

आग्र्याच्या उरलेल्या सात बटाट्यांपैकी पाचांना कोंब. नऊ दिवस.